दवाखान्यात चढणारा रक्तदाब आणि सात दिवसांची वही

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात माझा रक्तदाब १५८/९६ भरला आणि त्याच संध्याकाळी कोथरूडला घरी, शेजाऱ्यांकडून आणलेल्या यंत्रावर तो १२८/८० आला. यातला कोणता आकडा खोटा, असे मी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला पटायला थोडा वेळ लागला. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण त्या त्या क्षणी रक्तवाहिन्यांतला दाब खरोखरच तेवढा होता. प्रश्न एवढाच आहे की, वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीचा निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा. मी डॉक्टर नाही, बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. त्यामुळे एका नोंदीवरून ताळेबंद मांडू नये, हे मला पटवून द्यावे लागत नाही. पुढे जी रीत लिहिली आहे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने मी स्वतः वापरली. ती वैद्यकात सर्वमान्य आहे आणि कोणालाही घरी पाळता येण्यासारखी आहे.

या प्रकाराला डॉक्टर मंडळी ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. दवाखान्यात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि बाहेर मात्र सामान्य, असे ज्यांचे सातत्याने होते, त्यांच्यासाठी हे नाव आहे. दवाखान्यात रक्तदाब जास्त भरणाऱ्या लोकांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोक या गटात मोडतात असे मानले जाते, म्हणजे हा काही दुर्मीळ किंवा लाजिरवाणा प्रकार नव्हे. ज्यांना खरोखर उच्च रक्तदाब आहे आणि गोळ्या चालू आहेत, त्यांचाही आकडा डॉक्टरांसमोर आणखी वर जाऊ शकतो. अशा रुग्णाची मात्रा केवळ दवाखान्यातल्या आकड्याकडे पाहून वाढवत नेली, तर घरी उठताना त्याला चक्कर येण्याची वेळ येते.

हे का घडते, हे इटलीतल्या मिलान येथील ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये फार नेमकेपणाने दाखवले. रुग्णाच्या धमनीत बारीक नळी ठेवून त्यांनी रक्तदाबाची सलग नोंद चालू ठेवली आणि मग डॉक्टरला पट्टा बांधून मोजायला पाठवले. डॉक्टर खाटेजवळ आल्यानंतर पहिल्या ४ मिनिटांत वरचा आकडा सरासरीने सुमारे २७ आणि खालचा सुमारे १५ मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) चढला, आणि नंतर हळूहळू उतरू लागला. पुढे त्यांनीच असेही नोंदवले की, तेच मोजमाप परिचारिकेने केले तर वाढ जवळपास निम्मीच होते. शरीराला धोक्याची चाहूल लागली की ॲड्रेनालीन सुटते, हृदय जोरात चालू लागते आणि रक्तवाहिन्या आवळतात. समोर वाघ आहे की स्टेथोस्कोप लावलेली सज्जन व्यक्ती आहे, हा भेद शरीराची ही यंत्रणा करत नाही. म्हणूनच ‘अहो, घाबरू नका’ या वाक्याचा उपयोग शून्य असतो. मी तर उलट म्हणेन की, दवाखान्यात न घाबरण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा. त्याऐवजी दवाखान्यातल्या त्या एका आकड्यावर निर्णय अवलंबूनच राहणार नाही, अशी तजवीज करावी.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

सगळा दोष भीतीच्या माथी मारण्यापूर्वी मोजण्यातल्या साध्या चुका दूर कराव्यात, कारण त्या मिळून भीतीइतकाच, कधी कधी तिच्याहून अधिक आकडा फुगवतात. माझ्या त्या १५८ चा जमाखर्च मी नंतर मांडला. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत अर्धा तास गेला होता, लक्ष्मी रस्त्याच्या आसपास स्कूटर लावायला जागा मिळेना म्हणून तीन गल्ल्या फिरून झाल्या होत्या, वेळ चुकेल म्हणून दोन जिने धावत चढलो होतो, त्याआधी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात एक कडक चहा झाला होता, आणि आत बोलावले तेव्हा लघवीची भावना दाबून बसलो होतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने रक्तदाब वाढतो. भरलेल्या मूत्राशयानेच वरचा आकडा १० च्या आसपास वाढू शकतो.

म्हणून भेटीच्या वेळेआधी निदान वीस मिनिटे पोहोचावे आणि शक्य असेल तर गाडी न काढता बसने, रिक्षाने किंवा मेट्रोने जावे. तपासणीच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम वर्ज्य समजावा. पर्वती उतरून किंवा तळजाईला फेरी मारून परस्पर दवाखाना गाठणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाही सहज वर सरकेल असा सैल सदरा किंवा झंपर घालावा. घट्ट बाही गुंडाळून वर चढवली की तीच दंडाला आवळते, आणि कापडावरूनच पट्टा बांधला तर आकड्याचा भरवसा राहत नाही. गेल्यावर आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. ओळखीचे कोणी भेटले तर गप्पा मात्र नंतरसाठी ठेवाव्यात, हे पेठेतल्या दवाखान्यात सर्वात अवघड पथ्य आहे.

गेल्या पंधरवड्यात घेतलेल्या इतर औषधांची यादीही बरोबर न्यावी. सांधेदुखीच्या काही वेदनाशामक गोळ्या, सर्दीत नाक मोकळे करणारी काही औषधे आणि स्टेरॉइड यांनी रक्तदाब वाढतो. खोकल्यावर घरोघरी चघळले जाणारे ज्येष्ठमधही, रोज आणि भरपूर घेतल्यास, शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब वाढवते. ते औषध आहे असे कोणाला वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

खुर्चीत बसल्यावर

पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, आणि हात टेबलावर अशा रीतीने ठेवलेला की दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीत येईल, ही बैठक आहे. हात खाली लोंबकळत ठेवला तर पट्टा हृदयापेक्षा जितका खाली, तितका आकडा वाढतो. १० सेंटिमीटरला सुमारे ७ ते ८ मिलिमीटर असा हा साधा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे आणि त्यात मनाचा काही संबंध नाही. तपासणीच्या टेबलावर पाय अधांतरी लटकवून, पाठीला आधार नसताना मोजलेला रक्तदाबही असाच जास्त येतो. या स्थितीत पाच मिनिटे न बोलता बसणे अपेक्षित आहे. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटे मिळणे कठीण, हे मान्य आहे. पण बाहेरच्या बाकावर हीच बैठक धरून बसता येते. मोजताना बोलणे मात्र पूर्ण टाळावे. डॉक्टर त्याच वेळी ‘काय त्रास होतोय?’ असे विचारतात आणि आपण सौजन्य म्हणून उत्तर देतो; बोलण्याने वरचा आकडा १० किंवा त्याहून अधिक वाढू शकतो, तेव्हा मानेने खुणावून थांबलेले बरे.

आता बोलण्याचा भाग. डॉक्टरांना हे सांगायला आपण संकोचतो, कारण सांगणे म्हणजे त्यांच्या मोजण्यावर शंका घेणे असे वाटते. तसे नाही. माझे वाक्य ठरलेले आहे आणि ते कोणीही वापरावे: ‘डॉक्टर, दवाखान्यात माझा रक्तदाब चढतो. आत्ता एकदा बघा, आणि आपले बोलणे झाल्यावर निघताना पुन्हा एकदा बघाल का?’ पहिले मोजमाप बहुतेकदा सर्वात जास्त असते, दुसरे आणि तिसरे उतरत जाते. दवाखान्यात आपोआप चालणारे यंत्र असेल तर ते लावून आपल्याला खोलीत एकटे सोडावे, अशी विनंती करता येते. डॉक्टर समोर नसताना मिळालेला आकडा घरच्या सरासरीच्या जवळ जातो असा अनुभव आहे. परिचारिकेने मोजले तरी फरक पडतो. पहिल्याच भेटीत दोन्ही दंडांवर मोजून घ्यावे आणि जिथे आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरावा.

एका मोहाबद्दल सांगितले पाहिजे. आत जाण्यापूर्वी दीर्घ श्वसन किंवा अनुलोम-विलोम करून आकडा खाली आणायचा, ही युक्ती मला अनेकांनी सुचवली. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतल्याने रक्तदाब तात्पुरता उतरतो, हे खरे आहे; पण तपासणीत पास होणे हा आपला उद्देश नाही. रोजच्या प्राणायामाला कोणाचीच ना नाही, मात्र मोजण्याच्या आधी पाच मिनिटे फक्त शांत बसावे.

घरची सात दिवसांची वही

खरा निकाल इथे लागतो, म्हणून या भागात घाई करू नये. यंत्र दंडावर बांधायचे घ्यावे. मनगटावरचे यंत्र सुटसुटीत असले तरी मनगट हृदयाच्या पातळीत अचूक धरले नाही की त्याचा आकडा भरकटतो, आणि बोटावरच्या यंत्राचा तर विचारच नको. मोबाइलच्या किंवा घड्याळाच्या आकड्यावर निर्णय सोपवू नये. कोणती यंत्रे स्वतंत्र चाचणीत अचूक ठरली आहेत याची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर पाहायला मिळते. दुकानात जाण्यापूर्वी यंत्राचा नेमका नमुना त्या यादीत शोधावा. त्याहून महत्त्वाचा पट्टा. घरातल्या शिवणकामाच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का ते बघावे. यंत्राबरोबर बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा मिळतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा, कारण तोकड्या पट्ट्याने रक्तदाब उगाच जास्त दिसतो. माझ्या मेव्हण्यांना याच कारणाने दोन महिने नसती काळजी लागली होती. यंत्र आणल्यावर एकदा ते डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच हातावर, त्यांच्या व आपल्या यंत्राने आलटून पालटून मोजून पडताळून घ्यावे.

आठवडा साधा निवडावा. घरात लग्नकार्य, प्रवास, परीक्षा असा आठवडा नको. ढोल-ताशा पथकांचा सराव खिडकीखाली चालू असतो ते जुलै-ऑगस्टचे दिवस आणि गणेशोत्सवाचे दहा दिवसही, निदान मध्यवस्तीत राहणाऱ्यांनी, टाळावेत. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्यापूर्वी आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती घेण्यापूर्वी मोजावे. संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज एकाच वेळी. प्रत्येक वेळी पाच मिनिटे शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. टीव्हीवरची वादावादी बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडी असे पाच रकाने पुरतात. लिहिण्याचा नियम एकच आणि तो कडक आहे: जे आले ते लिहायचे. १४६ आला म्हणून ‘हा धरू नये, मी आत्ताच जिना चढलो’ असे स्वतःला समजावून पुन्हा मोजायचे आणि १३२ आला की तोच लिहायचा, हा प्रकार मी हिशेबातही पाहिला आहे आणि त्याला तिथे फार वाईट नाव आहे. जिना चढला असाल तर आधीच थांबा, मोजून झाल्यावर सबब देऊ नका.

सात दिवसांनंतर पहिला दिवस पूर्ण वगळायचा, कारण यंत्राच्या नवेपणानेही आकडा थोडा चढतो. उरलेल्या सहा दिवसांत दिवसाला चार याप्रमाणे २४ नोंदी राहतात. माझ्या वरच्या २४ आकड्यांची बेरीज ३०९६ आणि खालच्यांची १९४४ झाली. २४ ने भागल्यावर सरासरी १२९/८१ आली. या नोंदींत दोनदा वरचा आकडा १४० च्या पुढे गेला होता. त्या दोन नोंदींनी मला त्या त्या दिवशी बेचैन केले, सरासरीत मात्र त्यांचा मागमूस उरला नाही.

सरासरीचा अर्थ

घरच्या मोजमापाची सीमारेषा दवाखान्यापेक्षा खाली असते, हे अनेकांना माहीत नसते. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरली, तर घरच्या सरासरीसाठी ती १३५/८५ आहे. दोन आकड्यांपैकी एक जरी या सीमेवर किंवा वर असला तरी रक्तदाब घरीही वाढलेला आहे असेच समजावे आणि ‘मला फक्त डॉक्टरांची भीती वाटते’ ही समजूत सोडून द्यावी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१७ पासून १३०/८० ही अधिक कडक सीमा धरली आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टरही उद्दिष्ट वेगळे ठरवू शकतात, म्हणून सरासरी स्वतः काढली तरी तिचा अर्थ त्यांच्यासमोर बसूनच लावावा.

आकडा सीमेच्या आसपास घुटमळत असेल किंवा दवाखाना आणि घर यांत फारच तफावत असेल, तर डॉक्टर चोवीस तासांची तपासणी सुचवतात. हिला ‘अँब्युलेटरी बीपी’ म्हणतात. दंडाला पट्टा आणि कमरेला छोटे यंत्र लावून घरी सोडतात. ते दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री त्याहून विरळ अंतराने आपोआप मोजते. पट्टा फुगू लागला की चालणे थांबवून हात सैल सोडावा, एवढेच पथ्य; बाकी दिवस नेहमीसारखा घालवावा, रजा काढून लोळत पडू नये. अंघोळीचे तेवढे आधी विचारून घ्यावे. पूर्ण चोवीस तासांची सरासरी १३०/८०, जागेपणीची १३५/८५ आणि झोपेतली १२०/७० या तिच्या सीमा आहेत. झोपेतला रक्तदाब कळण्याचा व्यवहारात हाच सोपा मार्ग आहे, आणि रात्री जो उतरायला हवा तो उतरत नसेल तर ती महत्त्वाची माहिती असते.

माझ्या घरात या वहीने एक अनपेक्षित काम केले. यंत्र आणलेच आहे तर बघू, म्हणून पत्नीनेही आठवडाभर मोजले. दवाखान्यात तिचा रक्तदाब नेहमी १२६/८२ च्या आसपास, डॉक्टर तिचे कौतुक करून मला टोमणा मारणार, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. घरची सरासरी मात्र १४१/८८ आली. दवाखान्यात सामान्य आणि बाहेर वाढलेला, अशा या उलट्या प्रकाराला ‘मास्क्ड हायपरटेन्शन’ म्हणजे झाकलेला उच्च रक्तदाब म्हणतात. तो अधिक घातक, कारण त्यावर कोणी उपचारच करत नाही. चोवीस तासांच्या तपासणीतही तिचे आकडे वरच राहिले आणि गोळी तिला सुरू झाली, मला नाही.

वही बंद केव्हा करायची

काहीजण यंत्र घरात आले की दिवसातून वीस वेळा मोजतात. आकडा थोडा वर दिसला की धास्ती वाटते, धास्तीने पुढचा आकडा आणखी वर जातो आणि दवाखान्यातली भीती घरच्या दिवाणखान्यात येऊन बसते. अशा स्वभावाच्या माणसाने ठरलेल्या दोन वेळांखेरीज यंत्र कपाटात ठेवावे, आठवडा संपला की ते घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यावे, आणि आकडे दुसऱ्यानेच वाचून लिहावेत. तरीही धडधड थांबत नसेल तर चोवीस तासांची तपासणी बरी, कारण त्यात आकडे बघण्याची सोयच नसली तरी चालते. आणि मूळ चिंतेबद्दल डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे.

नाडी अनियमित चालत असेल तर घरचे आपोआप चालणारे यंत्र चुकू शकते. गरोदर स्त्रियांसाठी वेगळी पडताळणी झालेले यंत्रच लागते आणि वाढलेल्या आकड्याकडे, भीती असो वा नसो, तातडीने पाहावे लागते. या दोन्ही परिस्थितींत वहीवर विसंबून थांबू नये.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तसाच आला तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अंधुक दिसणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर पुन्हा मोजत बसू नये, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

निकाल ‘व्हाइट कोट’ असा लागला तरी फाईल बंद होत नाही. अशा लोकांत पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसते, म्हणून मीठ, वजन, चालणे आणि साखर-कोलेस्टेरॉलची तपासणी यांकडे लक्ष द्यायचेच आणि वर्षातून एकदा सात दिवसांची वही पुन्हा भरायची. चालू असलेली गोळी मात्र घरचा आकडा चांगला दिसतो म्हणून आपल्या मनाने थांबवायची नाही. तो आकडा त्या गोळीमुळेच चांगला असू शकतो. थंडीत रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त राहतो, त्यामुळे मे महिन्यातली वही डिसेंबरातल्या वहीशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. मी जानेवारीचा दुसरा आठवडा कायमचा ठरवून टाकला आहे, आणि दोन्ही वह्या, माझी आणि पत्नीची, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवूनच मग बाही वर करतो.